खेलरत्नसाठी स्वतःचा ऑनलाइन अर्ज: सोय मोठी, नावांचा घोळ जुना

मेजर ध्यानचंद खेलरत्न या देशातल्या सर्वोच्च क्रीडा पुरस्कारासाठी खेळाडू आता स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो, संघटनेच्या शिफारशीवर अडून राहावं लागत नाही. या सेवेचं हेच खरं मोल.

अडचण नावांची. 6 ऑगस्ट 2021 पर्यंत हा ‘राजीव गांधी खेलरत्न’ होता. ध्यानचंदांच्याच नावाचा जीवनगौरव पुरस्कारही तेव्हा वेगळा होता. 2024 मध्ये त्याच्या जागी ‘अर्जुन जीवनगौरव’ आला, तेव्हा कुठे गोंधळ मिटला. हा बदल फार आधी व्हायला हवा होता. जुनी माहितीपत्रकं मात्र अजून फिरतात, म्हणून नियमावली चालू वर्षाचीच उघडा.

कामगिरी मागच्या चार वर्षांची धरतात, त्यामुळे सगळ्या कारकिर्दीचा गठ्ठा जोडू नका. आधी ऑलिंपिक, आशियाई आणि जागतिक स्पर्धांची पदकं लावा. प्रत्येक नोंदीत स्पर्धा, प्रकार, वर्ष आणि क्रमांक प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळले पाहिजेत. स्पेलिंग सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच ठेवा. स्कॅन पुसट असेल तर शिक्का वाचता येत नाही, मग पदक खरं असूनही पुरावा लंगडा पडतो. डोपिंगची बंदी चालू असेल तर अर्जाला अर्थ नाही.

पुरस्काराची रोख रक्कम 25 लाख रुपये. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.