आठ चाकं आणि दहा फूट रूळ: आमच्या घरच्या डॉलीचा दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू

ही डॉली, म्हणजे कॅमेरा ठेवून रुळावर सरकवायची गाडी, दुकानात मिळत नाही. अण्णांनी आणि मी ती सांगलीत, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बनवली. गेलं दीड वर्ष माझं लग्नाचं आणि छोट्या माहितीपटांचं बरंचसं शूटिंग तिच्यावरच चाललंय. ‘हा शॉट कसा घेतला?’ असं विचारणारे फोन आले की प्रत्येकाला अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. काय जमलं, काय चुकलं, किती पैसे गेले, सगळं.

आधी एक सांगते. माझ्याकडे गिंबल, म्हणजे हातात धरून चालताना कॅमेरा मोटरनं सरळ ठेवणारा स्टँड, आहे आणि तो मी विकणार नाही. वरातीत, जिन्यात, नवरीच्या मागून मांडवात शिरताना त्याच्याशिवाय भागत नाही. पण गिंबल कॅमेऱ्याचं वळणं, कलणं, डोलणं सावरतो. आपण पाऊल टाकतो तेव्हा अख्खा कॅमेरा वरखाली होतो, ते थोपवणं त्याच्या हातात नसतं. गुडघे वाकवून कितीही हलकं चाला, चित्र जरासं तरंगतंच. डॉलीवरचं चित्र सरकतं. ज्यानं दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिलेत त्याला हा फरक पुन्हा विसरता येत नाही. मला तरी आला नाही.

अण्णा टर्नर होते, ३१ वर्षं लेथवर. मी त्यांना मोबाईलवर तयार डॉलीचे फोटो आणि किमती दाखवल्या तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “यात चाकं आणि पाईप सोडून काय आहे?” मग नेहमीप्रमाणे कोल्हापूरच्या सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांचा विषय निघाला. शंभर वर्षांपूर्वी माणसानं कॅमेरा घरी घडवला, आपल्याला गाडी घडवता येत नाही का? दुसऱ्या दिवशी आम्ही शंभर फुटी रोडवरच्या भंगारवाल्याकडे उभे होतो.

तिथं लहान मुलाचे जुने स्केट्स ३५० रुपयांना मिळाले. एका जोडीत आठ चाकं. प्रत्येक चाकात दोन बेअरिंग, नंबर ६०८. आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. म्हणजे ८ मिलिमीटरचा साधा बोल्ट त्यात नेमका बसतो, वेगळी दांडी कातायची गरज नाही. जुनी बेअरिंग काढून टाकली आणि नवीन सोळा घेतली. इथं माझी पहिली चूक झाली. दुकानदारानं ‘झेडझेड’ आणि ‘टू-आरएस’ असे दोन प्रकार पुढे ठेवले. झेडझेडला दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण असतं, टू-आरएसला रबराचं. बोटावर फिरवून पाहिलं तर झेडझेड भिंगरीसारखं फिरलं, म्हणून तेच घेतलं. त्याचं पुढे काय झालं ते मिरजेच्या गोष्टीत येईलच.

रचना सोपी आहे. दीड इंची लोखंडी अँगलचे, म्हणजे काटकोनी पट्टीचे, चार तुकडे. प्रत्येकाचा कोपरा खाली, पाईपच्या दिशेला, आणि दोन्ही बाहेरच्या अंगांना एकेक चाक. चाकं ४५ अंशांत तिरकी राहतात आणि पाईपला वरून दोन्हीकडून धरतात. अँगलच्या वरच्या कडांवर लोखंडी पट्टी वेल्ड करून ती लाकडी पाटाला बोल्टनं आवळली. वेल्डिंग आणि भोकं कुपवाडच्या एका वर्कशॉपकडून करून घेतली. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण काम घाईचं होतं. आठातली तीन भोकं दोन मिलिमीटर इकडेतिकडे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एक चाक वर राहिलं की पाट तीन कोपऱ्यांवर टेकतो आणि चौथा हवेत डुगडुगतो. अण्णांनी एक अक्षर न बोलता कानस घेतली, भोकं लांबट केली आणि प्रत्येक चाक पाईपला टेकवून मगच नट आवळला. तुम्ही कुणाकडून करून घेणार असाल तर भोकं आधीच लांबट मारायला सांगा. नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सहसा सैल न होणारे) घ्या आणि चाक हातानं सहज फिरतंय तोवरच आवळा. जास्त आवळलं की दोन बेअरिंग एकमेकांवर दाबली जातात आणि चाक जड होतं.

पाटासाठी घरात पडलेली साध्या प्लायची फळी वापरली. पहिला पावसाळा होताच कडेनं फुगली आणि पिळली. मग ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय आणला, १९ मिलिमीटरचा, दोन फूट बाय दोन फूट, कडांना दोन हात वार्निश. तो आजही सरळ आहे. इथं पैसे वाचवू नका.

खरा जीव रुळात आहे. सगळे चाकांबद्दल विचारतात, रुळाबद्दल कुणी विचारत नाही. सव्वा इंची पीव्हीसी पाईप, दहा फुटी दोन. अख्खे पाईप रिक्षात बसेनात, म्हणून प्रत्येकाचे दोन तुकडे केले आणि जोडावर आतून सागाचा दांडा घातला. दांडा अण्णांनी ओळखीच्या लेथवर स्वतः कातला, हातानं दाबला की ‘टप्’ करून बसेल इतका घट्ट. तरीही पहिल्या शॉटमध्ये जोडावर कॅमेऱ्याला ठसका लागला. दोन्ही पाईपचे जोड समोरासमोर होते, त्यामुळे दोन्हीकडची चाकं एकदम आदळत होती. आता एका रुळाचे तुकडे सहा-चार आणि दुसऱ्याचे चार-सहा आहेत. जोडावरचा काप सरळ न ठेवता तिरका केला आणि कडा बारीक पॉलिश पेपरनं बोटाला लागेनाशी होईपर्यंत घासली. ठसका गेला.

दोन पाईपमधलं अंतर कायम राहावं म्हणून खाली आडव्या पट्ट्या लागतात. त्या आम्ही आधी प्लंबरच्या क्लॅम्पनं बांधल्या आणि चाक पहिल्याच क्लॅम्पवर चढून थांबलं. चाकं पाईपचा वरचा भाग पकडून चालतात, तिथं काहीही आडवं येऊन चालत नाही. शेवटी पट्टीच्या खालून स्क्रू घालून पाईप धरला. आणखी एक: एप्रिलमध्ये पाईप गच्चीवर भिंतीला टेकवून विसरले. संध्याकाळी पाहिलं तर धनुष्य झालं होतं. आता ते घरात, आडवे, सपाट फरशीवर असतात आणि त्यांना हात लावायची घरात कुणाला परवानगी नाही.

जागेवर पोचल्यावर रूळ मांडायला मला वीस मिनिटं लागतात. पाणसळ आधी लांबीत, मग आडवी, आणि जिथं फट दिसेल तिथं प्लायची पातळ पाचर. या वीस मिनिटांना कंटाळणाऱ्यानं डॉली करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ढकलण्याबद्दल. हातानं ढकललं की हाताचा ठोका चित्रात उतरतो, विशेषतः सुरुवातीला आणि थांबताना. मी सुती दोर बांधून ओढते, आणि दोर व पाट यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची वीतभर पट्टी आहे. आपण ओढायला लागलो की आधी ट्यूब ताणली जाते, मग पाट अलगद निघतो. माझ्या हाताचा धक्का ट्यूब गिळते. पाटावर पाच किलोची वाळूची पिशवीही असते. वजन असलं की गाडी उशिरा हलते आणि हलली की एका चालीनं जाते. सगळ्या डॉलीत सगळ्यात स्वस्त भाग म्हणजे ही ट्यूब, आणि सगळ्यात जास्त फरक तिनंच पडला.

मिरजेच्या कामात हे सगळं कसाला लागलं. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर सतारमेकर गल्लीतल्या एका कारखान्याचा दहा मिनिटांचा माहितीपट करायचं माझ्याकडे आलं. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पहिल्या खोलीत जमिनीवर ओळीनं भोपळे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले, वाळून हलके झालेले. पलीकडे खिडकीपाशी तिथले कारागीर, चाचा, तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तारेचा नाद जुळवत बसलेले. घोडीवर तार टेकते ती जागा कानशीनं केसभर घासायची, तार छेडायची, मान कलती करून ऐकायचं, पुन्हा केसभर घासायची.

मी रूळ भोपळ्यांच्या ओळीला समांतर मांडला, कॅमेरा जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर. भोपळे लेन्सपासून दोन फुटांवर, चाचा आठ-नऊ फुटांवर. गाडी निघाली की भोपळे एकेक करून भराभर कडेला सरकतात, चाचा अगदी हळू सरकतात आणि मागची खिडकी जवळजवळ जागची हलत नाही. तीन गोष्टी तीन वेगांनी. डोळ्याला चित्राची खोली कळते ती यामुळेच. मोकळ्या मैदानात, जवळ काहीच नसताना डॉली फिरवली तर ती फिरतेय हेसुद्धा कळत नाही. म्हणून मी कुठंही गेले तरी आधी जवळ काय ठेवता येईल ते शोधते: खांब, समई, तोरण, खुर्चीची पाठ, काहीही. दहा फुटांच्या रुळावर दोन फुटांचा पाट, म्हणजे हाती प्रवास आठ फुटांचा. तो मी वीस सेकंदांत संपवते. त्याहून घाई केली की भोपळे नुसते फराटे होतात.

पहिला टेक झाला. मला मॉनिटरवर उत्तम वाटला. चाचांनी कानस खाली ठेवली आणि म्हणाले, “बेटा, तुझं मागचं डावं चाक बोलतंय.”

मला काही ऐकू आलं नव्हतं. हेडफोन लावून पुन्हा पाट ओढला. तारेच्या आवाजाखाली अगदी बारीक ‘कर्र’ होतं, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. चित्र मोठं करून पाहिलं तर त्याच तालात भोपळ्याची कड किंचित थरथरत होती. चाक उघडलं. आदल्या आठवड्यात कृष्णेच्या घाटावर शूट केलं होतं, तिथली वाळू पत्र्याच्या झाकणाच्या फटीतून आत गेली होती. चाचा तोवर शेजारी येऊन बसले होते. मी बेअरिंग बदललं, त्यांनी चाक कानाजवळ धरून बोटानं फिरवलं आणि मान हलवली. मग दुसरं चाक मागितलं. अशी त्यांनी आठही चाकं ऐकली. पाचव्यातही वाळू निघाली. घरी येऊन सगळी सोळा बेअरिंग टू-आरएसची केली. बोटावर ती जरा जड फिरतात, पण इतक्या सावकाश चालणाऱ्या गाडीला त्याचा काही तोटा नाही, आणि धूळ बाहेर राहते.

चाकांचा आवाज मात्र पूर्ण जात नाही. स्केटची चाकं कडक असतात, पाईपवर घरंगळताना गुणगुणतात. जवारीचा आवाज मी गाडी थांबवून वेगळा घेतला. ज्यांना एकाच वेळी बोलणं आणि हलणारा शॉट हवा असेल त्यांना ही डॉली त्रास देईल.

लग्नात तिची वेगळीच अडचण आहे. अंतरपाट दूर व्हायच्या क्षणी मला समोरून सरकता शॉट हवा असतो आणि नेमक्या त्याच वेळी सगळा मांडव अक्षता टाकत असतो. पाईप गोल असल्यामुळे बरेच तांदूळ घरंगळून जातात, पण हळदीकुंकवानं ओलसर झालेला एखादा दाणा चिकटतो आणि चाक त्याच्यावर चढतं. भाऊ आता कोरडा पंचा घेऊन रुळाच्या टोकाला बसतो, प्रत्येक मंगलाष्टकानंतर एकदा पुसून घेतो. लहान मुलं पाटावर बसायला येतात, त्यांना शूटिंग संपल्यावर एकेक फेरी मिळते. गर्दीच्या हॉलमध्ये रूळ मांडू नका. माणसं अडखळतात, आणि त्या घाईत पाणसळ लावणंही होत नाही.

सेटिंगचं थोडक्यात. मी सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवते. हालचाल डोळ्याला मऊ दिसते, आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाईटखाली पट्टे येत नाहीत. फोकस हातानं, कारण ऑटो ठेवला की तो जवळून जाणाऱ्या प्रत्येक भोपळ्याकडे धावतो. लेन्स शक्यतो २४ ते ३५ मिलिमीटर. लांब लेन्स लावली की रुळाचा बारीकसा दोषही मोठा होऊन दिसतो. रेकॉर्डिंग गाडी निघायच्या पाच सेकंद आधी सुरू आणि थांबल्यावर पाच सेकंदांनी बंद.

खर्च: स्केट्स ३५०, बेअरिंग ४८०, प्लाय ५२०, अँगल आणि वर्कशॉपचं काम ४००, पाईप ७००, नटबोल्ट १६०, पट्ट्या आणि स्क्रू २००. एकूण २,८१० रुपये. दुसऱ्यांदा घेतलेली बेअरिंग वेगळी आणि अण्णांची मजुरी धरलेली नाही.

पुढच्या महिन्यात रूळ बदलायचे आहेत. दीड वर्षात जोडांपाशी पाईप चपटायला लागलेत. पाईप घ्यायला जाल तेव्हा गठ्ठ्यातला वरचा उचलून पैसे देऊ नका. एक डोळा मिटून पाईपच्या तोंडातून आरपार बघा, मग दुकानाच्या फरशीवर आडवा ठेवून घरंगळवा. वाकडा असेल तर फिरताना उड्या मारतो. माझ्या दुकानदारानं मागच्या वेळी मला अकरा पाईप घरंगळवू दिले, तेव्हा कुठं दोन सरळ मिळाले.