डुकराचे मांस आणि आंबवलेला कोबी: ओव्हन की विजेचा प्रेशर कुकर?

पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या घरांत १ जानेवारीला डुकराच्या खांद्याचे मांस साउअरक्राउटसोबत, म्हणजे मिठात आंबवलेल्या कोबीसोबत, शिजवण्याची प्रथा आहे. दीड किलोच्या तुकड्याला १६० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये साधारण साडेतीन तास लागतात. विजेच्या प्रेशर कुकरमध्ये, वाफ आपोआप जिरू दिली तरी, दोन तासांत तो काट्याने सुटा होतो. मात्र कुकरमध्ये पाणी आटत नाही आणि मांस खरपूस होत नाही, म्हणून आधी ते सर्व बाजूंनी परतून तळाचा तपकिरी थर थोड्या पाण्याने खरवडून घेणे मी अनिवार्य मानते. कोबी तर दाबाखाली पार गळून जातो. ओव्हनमध्ये शेवटचा अर्धा तास झाकण काढले की कडेचा कोबी सोनेरी, किंचित गोडसर होतो. त्या चवीसाठी मी ओव्हनच निवडते. कुकरच वापरायचा असल्यास निम्मा कोबी वाफ जिरल्यावर मिसळावा.