समुद्री माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी घरी केलेला लाकडी स्टँड: तीन वर्षं वापरल्यानंतर

स्टँड मी स्वतः केला आहे, त्यामुळे त्याच्यावर माझा जीव आहे हे आधीच सांगते. पण जिथे तो कमी पडला तेही लिहिते. मी सुरुवात केली तेव्हा ज्याला विचारावं तो ‘लाकूड किती जाड घ्यायचं’ एवढंच सांगायचा, आणि प्रत्यक्षात तोच प्रश्न सगळ्यात सोपा निघाला.

टाकी 60 × 40 × 40 सेंटीमीटरची, काच 8 मिलिमीटर. नुसती काच 21 किलो. आत साधारण 80 लिटर पाणी. खारं पाणी लिटरला 1.025 किलो भरतं, म्हणजे 82 किलो. दगड आणि वाळू मिळून वीसेक किलो. एकूण सव्वाशेच्या आसपास. याआधीचा स्टँड विकतचा होता, वरून सनमायका आणि आत पार्टिकल बोर्ड. दीड वर्षात त्याची मागची कड फुगली. पार्टिकल बोर्ड एकदा पाणी प्यायला की सुकल्यावरही पूर्ववत होत नाही. कड वर आली तसा टाकीचा तळ एका बाजूने उचलला गेला आणि सिलिकॉनच्या जोडांवर ताण यायला लागला. दोन क्लाउनफिश बादलीत काढून टाकी उपसताना माझा हात थरथरत होता. पुन्हा तसली वस्तू घ्यायची नाही, हे तेव्हाच पक्कं झालं.

सांगाडा 38 × 89 मिलिमीटरच्या पाइनचा केला. यात एकच गोष्ट कटाक्षाने पाळली: वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसवली, पायांच्या कडेला स्क्रूने लटकवली नाही. वजन लाकडावरून लाकडावर सरळ खाली जातं आणि स्क्रू फक्त तुकडे जागेवर धरून ठेवतात. उभ्या रेषांच्या दिशेने लाकूड जो दाब सोसतं त्यापुढे सव्वाशे किलो काहीच नाही. तरीही नुसता सांगाडा हाताने ढकलला की डुलायचा. मागे आणि दोन्ही बाजूंना 12 मिलिमीटरचा मरीन प्लाय गोंद लावून स्क्रूने आवळला, आणि डुलणं जागच्या जागी थांबलं. त्यानंतर मजबुतीची काळजी मला एकदाही वाटलेली नाही.

खरी परीक्षा मिठाने घेतली. पाण्याचे बारीक शिंतोडे उडतात, पाणी वाळून जातं आणि मीठ मागे राहतं. ते मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून मिठाखालचं लाकूड वाळलंय असं वाटलं तरी ओलच धरून असतं. मरीन प्लायबद्दलचा माझा गैरसमज इथेच दूर झाला. त्याच्या थरांमधला गोंद पाण्याने सुटत नाही, हे खरं. पण थर शेवटी लाकडाचेच, आणि कापलेल्या कडेतून ते पाणी शोषतात. पॉलीयुरेथेन वार्निशचे चार हात देऊन झाल्यावर मी पंपाच्या वायरसाठी मागच्या प्लायला एक भोक पाडलं आणि त्याची आतली कड तशीच कोरी सोडली. आठ महिन्यांनी टॉर्च लावून पाहिलं तर भोकाभोवती काळं कडं, त्याच्या बाहेर पांढऱ्या खड्यांची झालर, आणि नख लावलं तर लाकूड मऊ लागलं. बोटभर भाग खरवडून, सुकवून, इपॉक्सी भरली. आता ठीक आहे. चार बोटं बाजूला, हात व्यवस्थित बसलेला प्लाय मात्र आजही पहिल्या दिवसासारखा आहे. सगळी भोकं रंगाच्या आधी पाडा, आणि कापलेल्या टोकांना सपाट भागाच्या दुप्पट हात द्या.

रंग वाळायला वेळ द्या, हेही आवर्जून सांगते. स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण वरच्या कपात जमवणारं यंत्र, स्टँडच्या कपाटातलीच हवा ओढून पाण्यात मिसळतो. रंगाचा वास येत असेल तर तो वास पाण्यात चाललाय. मी दारं उघडी ठेवून तीन आठवडे थांबले. स्क्रू 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले, त्यांच्यावर डागसुद्धा नाही. बिजागऱ्या साध्या लावल्या, त्या वर्षभरात गंजून करकरायला लागल्या आणि बदलाव्या लागल्या.

तळाला आतून इपॉक्सी लावून 3 सेंटीमीटरचा काठ केला. कपाटात ‘संप’ ठेवलाय, म्हणजे खालची छोटी टाकी; तिच्यातलं पाणी पंप परतीच्या नळीने वर पाठवतो. एकदा वीज गेली, वरचं पाणी त्याच नळीतून खाली आलं आणि संप भरून दीडेक लिटर सांडलं. काठाने ते सगळं अडवलं, जमिनीवर थेंबही आला नाही. पण हिशोब करताना मी पाच लिटरची जागा धरली होती. संप ठेवल्यावर त्याच्या भोवती जेमतेम दोनच लिटरची उरते. हवा शिरून हा उलटा ओघ तुटावा म्हणून परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत छोटं भोक मी नंतर पाडलं, ते आधीच हवं होतं.

सगळ्यात मोठी चूक उंचीची. दाराची उघडी जागा 54 सेंटीमीटर. स्किमर 46 चा, संपमध्ये 4 सेंटीमीटरच्या ठोकळ्यावर उभा, आणि त्याचा कप निघायला वर आणखी 10 तरी हवेत. ते नाहीत. दर तिसऱ्या दिवशी अख्खा स्किमर तिरका करून बाहेर काढावा लागतो, आणि कपातलं हिरवट काळं पाणी पुढच्या कडेवर ठिबकतं. वजन पेलणारी वरची पट्टी आता कापता येत नाही.

बसवताना पाणसळ लावूनही भरवसा ठेवला नाही. टाकी अर्धी साध्या पाण्याने भरली आणि चारही कोपऱ्यांत काठापासून पाण्यापर्यंत पट्टीने मोजलं. पुढचा डावा कोपरा 3 मिलिमीटर खाली होता. टाकी रिकामी करून पाचर स्टँडच्या पायाखाली घातली. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये पाचर कधीच घालू नये. टाकीखाली फक्त फोमची पातळ चटई आहे.

आज पुन्हा करायचा झाला तर सांगाडा हाच ठेवीन. दाराची जागा 64 सेंटीमीटर, तळाचा काठ 6, आणि दार काढल्यावर संप अख्खा बाहेर निघेल एवढी रुंदी. स्किमर आणि संप आधी विकत आणून, जमिनीवर मांडून, कप काढून मोजा. लाकूड त्यानंतर कापा.