नऊ महिने ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ ऐकल्यानंतर: जुन्या बँडने आपला आवाज बदलावा काय?

ज्यूडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ हा अल्बम 8 मार्च 2024 रोजी प्रसिद्ध झाला. मी तो त्याच वर्षी जून महिन्यात, मृगाच्या पावसानंतर कपाशीची टोबणी सुरू असताना मोबाइलवर उतरवून घेतला आणि तेव्हापासून या मार्चपर्यंत तो माझ्या रोजच्या ऐकण्यात आहे. हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावात नेटवर्क दुपारी बरे असते, रात्री त्याचा भरवसा नसतो. म्हणून अकराही गाणी साठवून ठेवली, आणि साठवलेले तेवढेच असल्यामुळे तीच पुन्हा पुन्हा ऐकली. अल्बम निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेली मते पुष्कळ वाचायला मिळतात. एक पूर्ण हंगाम ऐकल्यावर मत कुठे स्थिरावते, ते मी येथे नोंदवत आहे.

पहिल्या तीन आठवड्यांत माझी निराशा झाली होती. ‘पॅनिक अटॅक’ या पहिल्याच गाण्याच्या आरंभी सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यासारखा घुमणारा सूर येतो आणि आता काही निराळे ऐकायला मिळणार असे वाटू लागते. पण लवकरच दोन गिटार, धावता ड्रम आणि गायक रॉब हॅलफर्ड यांचा टिपेचा स्वर ही ओळखीची वाट सुरू होते. 2018 च्या ‘फायरपॉवर’मध्ये हेच होते आणि तेव्हाच्या दोन निर्मात्यांपैकी अँडी स्नीप हे येथेही निर्माते आहेत. सहा वर्षे थांबून तेच ऐकायचे असेल तर जुनाच अल्बम का ऐकू नये, असा प्रश्न माझ्या मनात होता. पन्नास वर्षे वाजवणाऱ्या माणसांनी आता तरी आपला आवाज बदलावा, असे मला त्या दिवसांत खरोखर वाटत होते.

हे मत बदलायला मला दिवाळी उजाडली. त्याचे पहिले कारण असे की, बँडचा ‘ओळखीचा आवाज’ म्हणजे नेमका कोणत्या वर्षीचा आवाज, हे मी स्वतःला कधी विचारलेच नव्हते. हा बँड 1969 साली बर्मिंगहॅम परिसरात सुरू झाला. 1974 चा त्यांचा पहिला अल्बम आज ऐकला तर त्यात ब्लूजची छटा असलेले साधे रॉक ऐकू येते. चार वर्षांत ती छटा जवळजवळ पुसली गेली आणि गाणी वेगवान व धारदार झाली. 1980 च्या ‘ब्रिटिश स्टील’मध्ये ती पुन्हा आखूड आणि सोपी झाली. त्या वेळी तयार ध्वनी वाजवून देणारी यंत्रे हाताशी नव्हती, म्हणून एका गाण्यात यंत्रमानवांच्या पावलांचा आवाज काढण्यासाठी काटे-चमच्यांचा ट्रे आपटला गेला आणि काच फुटल्याच्या आवाजासाठी दुधाच्या बाटल्या फोडल्या गेल्या. 1986 च्या ‘टर्बो’त गिटार सिंथेसायझर आले. तो अल्बम अमेरिकेत दहा लाखांहून अधिक खपला, तरी जुने श्रोते त्यावर अनेक वर्षे रुसून होते. 1990 च्या ‘पेनकिलर’मध्ये स्कॉट ट्रॅव्हिस यांचे डबल बेस ड्रमिंग, म्हणजे दोन्ही पायांनी वेगाने वाजवलेले मोठे ड्रम, आले आणि सगळे चित्रच पालटले. आज आपण ज्याला या बँडचा अस्सल आवाज म्हणतो, तो मोठ्या प्रमाणात ‘पेनकिलर’चा आहे, म्हणजे स्थापनेनंतर एकवीस वर्षांनी केलेल्या बदलाचा आहे. ‘बदलू नका’ असे म्हणणारा श्रोता नकळत एका बदलाचीच राखण करत असतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

मग सगळेच बदल का टिकले नाहीत? 2008 चा ‘नोस्ट्राडेमस’ मी या नऊ महिन्यांत मुद्दाम दोनदा पूर्ण ऐकला. दोन सीडींचा, शंभर मिनिटांहून मोठा, कीबोर्ड आणि वाद्यवृंदाच्या थाटाचा, एक सलग कथा सांगणारा तो अल्बम आहे. त्यात कष्ट कमी नाहीत, गायनही उत्तम आहे. पण दोन गिटार एकमेकींना जी हाक आणि जे उत्तर देतात, ते तेथे लांबलांब वाद्यमेळांखाली दबून जाते. पात्रे आणि प्रसंग मांडण्याच्या नादात गाणे थांबून राहते. तेथे बदल झाला याचे मला वाईट वाटत नाही. बदलताना जो खांब काढायला नको होता तोच काढला गेला, याचे वाटते.

हा खांबाचा विचार मला आमच्या गावच्या भजनी मंडळावरून सुचला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी या भागात घराघरांत ओळखीची आहे आणि आमच्या मंडळाचे सगळे भजन खंजिरीवर उभे असते. माझे काकाजी त्या मंडळात गातात. काही वर्षांपूर्वी पेटी वाजवणाऱ्या वयस्कर गृहस्थांची बोटे संधिवाताने आखडली. त्यांच्या जागी एक तरुण मुलगा कीबोर्ड घेऊन बसू लागला, तेव्हा कोणीही तक्रार केली नाही, कारण भजन चालू राहावे ही सर्वांचीच इच्छा होती. पुढच्या वर्षी मात्र खंजिरीऐवजी ऑक्टापॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य आणले गेले आणि दोनच गुरुवारांत बायामाणसे मध्येच उठून जाऊ लागली. ऑक्टापॅड परत गेला, कीबोर्ड राहिला. गावाने एक बदल घेतला आणि एक नाकारला, आणि दोन्ही वेळा कोणाला चर्चा करावी लागली नाही.

असेच या बँडच्या बाबतीत घडले आहे. 1974 पासून बँडमध्ये असलेले गिटारवादक ग्लेन टिप्टन यांना पार्किन्सन आजार असल्याचे 2018 मध्ये जाहीर झाले आणि मंचावर त्यांच्या जागी निर्माते अँडी स्नीप स्वतः गिटार घेऊन उभे राहू लागले. श्रोत्यांनी ते मनापासून स्वीकारले. जानेवारी 2022 मध्ये मात्र बँडने यापुढे चौघेच, म्हणजे एकाच गिटारवर, कार्यक्रम करणार असे जाहीर केले. श्रोत्यांची नाराजी इतकी तीव्र होती की, काही दिवसांतच तो निर्णय मागे घेऊन स्नीप यांना परत बोलावण्यात आले. वादक बदलला तरी चालते, पण दोनाची एक गिटार झालेली चालत नाही, हे त्या काही दिवसांत स्पष्ट झाले. माझ्या मते जुन्या बँडने काय बदलावे आणि काय राखावे याचे उत्तर या घटनेइतके नेमके दुसरीकडे कुठे सापडत नाही.

आता अल्बमकडे वळतो. सप्टेंबरपासून मी तो प्रामुख्याने जागलीत ऐकला. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापासून पीक राखायला वावरात मचाणावर बसावे लागते, म्हणून इअरफोन एकाच कानात घालायचा आणि दुसरा कान अंधाराकडे ठेवायचा अशी सवय झाली. हिवाळ्यात कृषिपंपाची लाइन रात्री येते, तेव्हा चण्याच्या ओलिताच्या वेळीही हीच गाणी सोबतीला होती. एका कानाने ऐकण्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. या अल्बममध्ये दोन गिटार डाव्या आणि उजव्या बाजूला पुष्कळशा वेगळ्या ठेवलेल्या आहेत, त्यामुळे एके रात्री डावी बाजू आणि दुसऱ्या रात्री उजवी बाजू ऐकत गेलो, तर जे एकसारखे वाटत होते ते दोन माणसांचे बोलणे निघाले. अल्बमचे नाव असलेले गाणे सहा मिनिटांहून मोठे आहे आणि त्याच्या उत्तरार्धात हे बोलणे इतके रंगते की, पहिल्या तीन आठवड्यांत मी ते कसे ऐकले नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, फिटर म्हणून काम करतो. डबल रोलर जिनांची रांग चालू असताना बाहेरच्या माणसाला एकच घरघर ऐकू येते. रोज तेथे असणाऱ्याला मात्र तिसऱ्या क्रमांकाच्या मशीनचे बेअरिंग बिघडू लागले आहे, हे त्या घरघरीतूनच कळते. हा अल्बमही तसाच ऐकावा लागतो. हॅलफर्ड हे वॉल्सॉलचे, म्हणजे इंग्लंडच्या लोखंड ओतणाऱ्या आणि घडवणाऱ्या भागात वाढलेले. यंत्राच्या आवाजात लहानाचा मोठा झालेला माणूस पुनरावृत्तीला कंटाळत नाही, तिच्यातला बारीक फरक ऐकतो, असे मला माझ्या अनुभवावरून वाटते.

असे फरक येथे खरोखर आहेत. ‘क्राउन ऑफ हॉर्न्स’ मध्यम लयीचे, जवळजवळ प्रार्थनेसारखे गाणे आहे. त्यात हॅलफर्ड ओरडत नाहीत, गातात, आणि बहात्तर वर्षांच्या माणसाच्या गळ्यातील थकवा ते लपवतही नाहीत. हा माझ्या दृष्टीने अल्बममधील सर्वात मोठा बदल आहे, आणि तो कोणीही बदल म्हणून मोजत नाही. ‘एस्केप फ्रॉम रिअॅलिटी’ संथ आणि जड आहे, तेथे आवाजावर प्रक्रिया करून तो दुरून आल्यासारखा केला आहे. शेवटचे ‘जायंट्स इन द स्काय’ हे दिवंगत झालेल्या संगीतकार सोबत्यांच्या आठवणीचे गाणे आहे. त्यात मध्यभागी सगळा गोंगाट थांबतो आणि साध्या गिटारचे काही क्षण येतात. ओलिताच्या रात्री पाणी दांडातून पुढच्या सरीत वळवताना ते क्षण पहिल्यांदा नीट ऐकले, तेव्हा मी फावडे हातात धरून तसाच उभा राहिलो होतो.

या गिटारवादनामागची माणसे लक्षात घेतली तर ऐकणे अधिक खोल होते. रिची फॉकनर यांचा जन्म 1980 चा, म्हणजे ‘ब्रिटिश स्टील’च्या वर्षाचा, ते 2011 मध्ये आधीचे गिटारवादक के. के. डाउनिंग यांच्या जागी आले. सप्टेंबर 2021 मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल येथे ‘पेनकिलर’ वाजवत असतानाच त्यांच्या हृदयाजवळची महाधमनी फाटली. त्यांनी ते गाणे पूर्ण केले आणि नंतर दहा तासांहून अधिक चाललेल्या शस्त्रक्रियेतून ते वाचले. असा माणूस आणि पार्किन्सनने हात जड झालेले टिप्टन मिळून वाजवतात, तेव्हा ‘तेच ते वाजवले’ हा आक्षेप मला आता अन्यायाचा वाटतो. तेच ते वाजवता येणे हीच त्यांच्यासाठी सोपी गोष्ट राहिलेली नाही.

दोष आहेत, आणि नऊ महिन्यांनी ते अधिक बोचतात. ध्वनिमुद्रण इतके गच्च भरलेले आहे की इयान हिल यांची बेस गिटार अनेक ठिकाणी शोधावी लागते; मध्यम किमतीच्या वायरच्या इअरफोनवर झांजांचा सळसळाट तासाभराने कान थकवतो. ‘डेव्हिल इन डिस्गाइझ’ आणि ‘गेट्स ऑफ हेल’ ही लागून येणारी गाणी लयीने एकमेकांच्या फार जवळ आहेत, त्यामुळे मधला भाग सपाट होतो. ‘सन्स ऑफ थंडर’ मी नोव्हेंबरनंतर वगळू लागलो. एवढे मुरलेले निर्माते असताना वाद्यांमध्ये थोडी मोकळी जागा का सोडली गेली नाही, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. आवाज बदलण्याची मागणी करणाऱ्यांनी खरे तर येथे बोट ठेवायला हवे: गाण्यांचा बाज तोच असू द्यावा, पण त्याला श्वास घ्यायला जागा द्यावी. 1980 च्या ‘ब्रिटिश स्टील’च्या मुद्रणात ती जागा होती.

बदलाच्या बाजूने बोलणारे बहुतेकदा मेटॅलिका या अमेरिकी मेटल बँडचे उदाहरण देतात. 2003 च्या ‘सेंट अँगर’मध्ये त्यांनी गिटारचे सोलोच, म्हणजे गाण्यात मध्ये येणारे गिटारचे स्वतंत्र तुकडेच, काढून टाकले आणि स्नेअर ड्रम डब्यासारखा वाजू दिला. ते धाडस मला आदराचे वाटते, पण 2008 च्या पुढच्याच अल्बममध्ये सोलो परत आले, हेही विसरता येत नाही.

डिसेंबरमध्ये काकाजी एकदा माझ्यासोबत जागलीला आले होते. त्यांना मी इअरफोन न देता मोबाइलच्याच स्पीकरवर अल्बमच्या नावाचे गाणे पूर्ण ऐकवले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “बाकी तं मले काही समजलं नाही बापू, पण ते दोघं वाजवणारे एकमेकाले सोडत नाही.” इंग्रजीचा एक शब्द न कळता त्यांनी जे ओळखले, तेच मला ओळखायला पाच महिने लागले होते.

ज्यांना हा अल्बम ऐकायचा आहे त्यांनी पहिल्यापासून सुरू न करता आधी ‘क्राउन ऑफ हॉर्न्स’, मग ‘जायंट्स इन द स्काय’ आणि त्यानंतर अल्बमच्या नावाचे गाणे ऐकावे, आणि किमान महिनाभर मत देऊ नये. वाढीव आवृत्तीत आणखी तीन गाणी आहेत. ती मी मागच्या आठवड्यात हिंगणघाटच्या बसस्थानकावर नेटवर्क चांगले असताना उतरवून घेतली. पहिल्या ऐकण्यात ती मूळ अकरांपेक्षा कमी प्रतीची वाटली, म्हणून त्यांच्याविषयी मी पुढच्या टोबणीनंतरच लिहीन.