हाकोसुका १:१८: गाडी झकास, स्क्रू भंगार (एक पावसाळा काढल्यानंतर)

चतुर्थीच्या साफसफाईला शोकेस रिकामी करत होतो, तेव्हा माझ्या हाकोसुकाच्या, म्हणजे जुन्या निसान स्कायलाइनच्या १:१८ मापाच्या (खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्शाएवढ्या) मॉडेलच्या पांढऱ्या बैठकीवर चहा सांडल्यासारखा तांबूस ओघळ दिसला. वरची गाडी धडधाकट. ओघळ येत होता खालच्या स्क्रूतून. पुढचं बरंचसं लिखाण त्या स्क्रूबद्दलच आहे, त्यामुळे ज्यांना फक्त रंग आणि फिनिशिंग हवंय त्यांनी खालचे दोन परिच्छेद वाचून थांबलं तरी चालेल.

गाडी म्हणजे १९७० ची स्कायलाइन २००० जीटी-आर हार्डटॉप (दोन दारांची), कंपनीच्या भाषेत केपीजीसी१०, चंदेरी, डायकास्ट म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूची, सगळं उघडणारी. जानेवारीत मागवली. मी मालवणात राहतो, रात्री घरात गाज ऐकू येते. कंपनीचं आणि दुकानदाराचं नाव घेत नाही.

आधी जे चांगलं ते. व्हर्नियर लावून व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) मोजला तर १४३ मिमीला केसभर कमी. खऱ्या हार्डटॉपचा २५७० आहे, चार दारांच्या सेडानपेक्षा ७० ने आखूड. अठराने भागा, चोख येतं. मागच्या चाकावर सर्फ लाइन (बाजूची उठावदार रेघ) काळ्या ओव्हरफेंडरपाशी, म्हणजे चाकावरच्या जोड-कमानीपाशी, तुटते, ती कड इतकी स्वच्छ आहे की मी भिंग घेऊन बघत बसलो. बॉनेटखाली एस२० इंजिन आणि मिकुनी-सोलेक्सचे तीन कार्ब्युरेटर, तिन्ही सुटे ओळखता येतात. आणि फेंडरवरचे आरसे! जपानात १९८३ पर्यंत दारावर आरसे लावायला परवानगीच नव्हती, त्यामुळे त्या काळच्या गाडीला हे आरसे नसतील तर ती मला बोडकीच वाटते. इथले देठ एवढे बारीक की पुसताना श्वास रोखावा लागतो, पण अजून शाबूत आहेत. मे महिन्यापर्यंत मी ही गाडी येईल त्याला दाखवत होतो.

आता स्क्रू. बैठकीखालून दोन स्क्रू गाडीच्या चॅसीत जातात. साधं लोखंड, वर काळा मुलामा. तो मुलामा जुलैत कधीतरी उडाला असणार. बरं, काढून बघावं तर डोकं तिकोनी! घरातला एकही पेचकस बसेना. शेवटी मोबाईल दुरुस्तीवाल्या पोराकडे तसं बिट निघालं. पहिला स्क्रू सुटला, दुसऱ्याची खाच झिजून गुळगुळीत झाली आणि तो ड्रिलने काढावा लागला. हजारो रुपयांच्या गाडीत पाच रुपयांचा स्टेनलेस स्क्रू घालायला यांचे हात का आखडतात? खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. म्हणजे त्या गंजक्या स्क्रूवरसुद्धा मी ७० टक्के भरून बसलोय.

दुकानदाराला फोटो पाठवले. पहिलं उत्तर: अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का? अहो, गंज काय खोक्यातून उतरतानाच्या व्हिडिओत दिसणार? दुसरं उत्तर: मॉडेल कोरड्या जागी ठेवावं, खोक्यावर लिहिलं आहे. जुलैत आमच्याकडे काडेपेटी पेटत नाही, मिठाला पाणी सुटतं, दोरीवरचे कपडे तीन दिवसांनी वास मारत आत येतात. कोरडी जागा म्हणून मी आता काय फ्रिजमध्ये स्कायलाइन ठेवू? तिसऱ्या उत्तरात पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट मिळाली. मी ती वापरणार आहे, तो भाग वेगळा.

मग बंदराजवळच्या दुकानात गेलो, जिथे ट्रॉलरवाले सामान घेतात. म्हटलं, गंजाचं ज्ञान यांच्याइतकं कोणाला नाही. तीन मिमीचे स्टेनलेस मागितले. काकांनी जुना स्क्रू बोटावर फिरवला.

"गाडी खंयची?"

"जपानची."

"मगे जपानाक दर्या नाय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण खरी गंमत पुढे. स्टेनलेस काढता काढता त्यांनी विचारलं, गाडी कसल्या धातूची? मी सांगितलं, झामाक, म्हणजे जवळजवळ सगळं जस्तच, वर चारेक टक्के ॲल्युमिनियम. त्यांनी डबा परत मिटला.

"बोटीच्या पंख्याकडे जस्ताची वडी कित्याक लावतत? दर्यान तेका खावचा, पंख्याक नको. तुझी गाडीच जस्ताची मा? स्टेनलेस घालशीत तर स्क्रू रवतलो, गाडी जातली. नायलॉनचो घाल."

बरोबर आहे. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटले की त्यातलं जस्त झिजतं. शोकेसमधल्या दमट हवेत हे बोटीइतकं झपाट्याने होणार नाही, पण वर्षानुवर्षं ठेवायच्या वस्तूत जोखीम कशाला? काकांकडे एवढा बारीक नायलॉन नव्हता, तो मुंबईहून मागवला. अख्खं पाकीट शंभराच्या आत. नवरात्र आटोपलं तरी बैठक पांढरी आहे.

या प्रकारानंतर दोन मतं बदलली. ऑटोआर्ट या मॉडेल कंपनीने धातूऐवजी कंपोझिट, म्हणजे प्लास्टिकची, बॉडी आणली तेव्हा मी नाक मुरडणाऱ्यांत होतो. हातात वजन लागलं पाहिजे हा हट्ट. किनाऱ्यावर राहणाऱ्याने तो हट्ट सोडलेला बरा, प्लास्टिकच्या बॉडीला जस्ताचं दुखणं नाही. दुसरं, त्याच शोकेसमधल्या टोमिका आणि हॉट व्हील्सच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्या. त्यांच्या तळाला स्क्रूच नसतो, बॉडीतूनच आलेला खुंट दाबून रिव्हेट केलेला असतो. ॲक्सल थोडे काळवंडलेत, बाकी एकीलाही ओघळ नाही. दीड-पावणेदोनशेच्या गाडीने महागड्या गाडीला असं खाली बघायला लावावं!

झिंक पेस्टची (इंग्रजी pest, म्हणजे जस्ताला लागणारी कीड) भीती मात्र मी डोक्यातून काढली आहे. जस्तात शिसं शिरलं तर दमट हवेत आतून तडे जातात आणि गाडीचा भुगा होतो. युद्धापूर्वीची कितीतरी खेळणी तशी गेली. हल्लीचं जस्त त्या मानाने शुद्ध असतं.

किनाऱ्यावरच्या मंडळींसाठी थोडं कामाचं. शोकेसमधला ओलावा शोषायला निळी सिलिका जेल घ्या, गुलाबी झाली की तापवून पुन्हा निळी करता येते. पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. माझ्या घरातली एक कढई कायमची माळ्यावर गेली आहे. रबरी टायर प्लास्टिकच्या बैठकीवर थेट टेकवू नका, खाली बटर पेपर घाला, नाहीतर टायरमधलं तेलकट द्रव्य उतरून प्लास्टिक मऊ होतं आणि टायर चिकटतो. डीह्युमिडिफायर सुचवणाऱ्यांनी सोबत वीजबिलही भरावं.

आता त्याच मॉडेल कंपनीची फेअरलेडी झेड४३२, ही निसानचीच जुनी गाडी, येतेय. दहा टक्के सूट आहेच. बुकिंगआधी दुकानदाराला एवढंच विचारलं, खालचा स्क्रू कसला आहे? निळ्या टिका कधीच्या उमटल्यात.