रानकोंबडा बघायचाय? दोडामार्गातली पहाटेची फेरी, माझा अनुभव

चिपळूणहून बदली होऊन सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आलो, इथलं रान अजिबात ओळखीचं नाही, म्हणून एका होमस्टेवाल्यांची पहाटेची फेरी घेतली, माणशी ८०० रुपये. मला रानकोंबडाच बघायचा होता.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे गाईड काका आदल्या संध्याकाळीच काजूच्या बागेकडे घेऊन गेले, पाचोळा कुठे उकरलाय ते दाखवलं, कोंबडा रात्री कुठल्या झाडावर बसत असेल त्याचा अंदाज घेतला. काकांचे वडील शिकारीला जायचे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झालं पण वाटा काकांना तिथूनच ठाऊक. मग वाडीत फोन करून हत्ती कुठे आहेत ते विचारलं. इकडे २००२ पासून कर्नाटकातून हत्ती आलेत, हे विचारल्याशिवाय अंधारात बाहेर पडूच नका.

पहाटे साडेपाचला गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, पाठ टेकून बसलो. वाडीतला कोंबडा आरवला की मी मान वळवायचो आणि काका मान हलवायचे. गावठी कोंबडा बांग लांबवतो, रानातला तुटक-तुटक ओरडतो आणि शेवट झटक्यात तोडतो, दोन-तीनदा ऐकल्यावर मलाही कळायला लागलं. मोबाईलवर आवाज लावू का विचारलं तर काकांनी सरळ नाही सांगितलं, विणीचे दिवस आहेत, दुसरा नर आला समजून तो उगाच भांडायला धावतो.

"गप रव, तो आपसूक येतलो."

तासाभराने खरंच आला!! मानेच्या काळसर पिसांवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे पिवळट ठिपके, ऊन पडलं की लकाकतात, शेपटी काळी-जांभळी. मागून दोन कोंबड्या, तपकिरी, छातीवर खवल्यांसारखी नक्षी. दहा मिनिटं पाचोळा उकरत होती, आम्ही श्वास धरून.

खटकलं काय तर त्यांची दुर्बीण, एका बाजूने धूसर, स्वतःची न्या. चहा नऊला परतल्यावरच मिळतो. आम्ही तिघंच होतो, रविवारी आठ-नऊ जण नेतात म्हणे, ते नको, एवढ्या पायांचा आवाज झाला तर कोंबडा कसला दिसतोय. आडवारी जा. आणि मे संपायच्या आत जा, पावसाळ्यात नराची ती मानेची पिसं झडतात.