वॅटेक ९०२एच२ अल्टिमेट: ढगांच्या वरच्या विजेसाठी घेतलेला जुना कॅमेरा

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. घरात चांगला मिररलेस कॅमेरा असताना हा मुठीत मावणारा काळा-पांढरा सीसीटीव्ही कॅमेरा कशाला, असं वहिनींनी पण विचारलं. स्प्राइटसाठी घेतला! मोठ्या वादळी ढगातून धन विद्युतभाराची जबर वीज जमिनीवर पडली की कधीकधी ढगाच्या वर, ५० ते ९० किलोमीटर उंचीवर, लाल उजेड फुटतो, तोच स्प्राइट. काही मिलिसेकंदांत खेळ खलास. त्यासाठी मिररलेस रात्रभर चालू ठेवला तर कार्ड भरतंय, बॉडी तापते, आणि सकाळी मुहूर्ताला हजर राहायचं असतं ते वेगळंच.

हा १२ व्होल्टवर चालतो, म्हणजे लाईट गेली तरी बाईकची बॅटरी पुरते. लॅपटॉपची सोय मात्र वेगळी बघावी लागते. एफ १.४ लेन्सवर (जास्त उजेड आत घेणारी लेन्स) ०.०००१ लक्स एवढ्या नाममात्र उजेडातही दिसतं, असं कंपनी सांगते. अमावास्येला चालत्या व्हिडिओत चांदण्या दिसतात, मला तेवढं बास. यूएफओकॅप्चर हे लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर फ्रेममध्ये उजेड हलला की त्याच्या आधीच्या क्षणापासूनची क्लिप जपतं, बाकीची रात्र टाकून देतं. खरी कमाल त्याची.

विकणाऱ्यानं ‘पूर्ण सेट’ म्हणून पाठवला आणि लेन्समागची ५ मिमीची रिंग ठेवून घेतली. माउंट म्हणजे लेन्स बसवायची जागा; सी माउंटची लेन्स या कॅमेऱ्याच्या सीएस माउंटवर त्या रिंगेशिवाय फोकसच होत नाही, तारा म्हणजे नुसता धुरकट गोळा. घेताना रिंग मागून घ्या.

आमच्या येळ्ळूरच्या टेरेसवरून बेळगाव शहराचा उजेड डावीकडं राहतो, पूर्व मोकळी. वळवाचा ढग रायचूरकडं असला तर अंतर सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या आसपास, स्प्राइट क्षितिजावर साधारण ८ ते १५ अंशांत. १२ मिमीची लेन्स आडवं ३० अंश घेते, ते बरोबर बसतं. ढग ताजा असताना फारसं काही लागत नाही. इन्सॅट उपग्रहाच्या चित्रात ढग पसरला, रात्र चढली, पाऊस मंदावला की खरी वेळ. ढग आपल्याच डोक्यावर आला तर वरचं काही दिसत नाही, तेव्हा गुमान खाली उतरायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप त्यासाठी फोनमध्ये ठेवा.

मिळालेली सगळ्यात चांगली क्लिप पाल्यासकट उपटलेल्या गाजरासारखी: वर पसरट धूसर उजेड, मध्ये भरीव खोड, खाली बारीक मुळं. सगळं एकाच फ्रेममध्ये, पुढच्या फ्रेमला आकाश कोरं. १९८९ च्या जुलैत अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी पहिला स्प्राइट टिपला तोही असल्याच मंद उजेडाच्या कॅमेऱ्यावर, रॉकेटसाठी त्याची चाचणी चालली होती तेव्हा.

तक्रार एकच, तो लाल रंग यात दिसत नाही. चित्रही जुन्या टीव्हीएवढंच, मोठं करून फ्रेम करायच्या लायकीचं नाही. फोटो भिंतीवर लावायचा असेल तर एफ १.४ ची लेन्स लावून मिररलेसच वापरा आणि जागरण करा. नोंदी ठेवायच्या असतील तर हाच घ्या. ५ पैकी ४.